पात्यासमोर रिकामा हात

प्रतिस्पर्ध्याला हरविणे नव्हे, तर त्याच्या हल्ल्याचाच निरास करणे हे ध्येय मानणारी ऐकिडो ही जपानी युद्धकला आहे. तिच्या अभ्यासक्रमात सुरीच्या हल्ल्यापासून बचाव करण्याचे धडेही असतात. हे धडे काय देतात आणि काय देऊ शकत नाहीत, याचा हा वेध.

चित्रपटातला नायक आणि सुरी यांचे नाते आपल्या चांगलेच परिचयाचे आहे. खलनायक लांबून ओरडत धावत येतो, हात उंच करून वार करतो, नायक शांतपणे त्याचे मनगट धरतो, पिळतो आणि सुरी खणकन् जमिनीवर पडते. या सगळ्यात नायकाच्या सदऱ्याची इस्त्रीही मोडत नाही. प्रत्यक्षात सुरीचा हल्ला असा होत नाही. तो बहुतेकदा जवळून होतो, सुरी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही आणि वार एकच नसतो. एका हाताने पकडून दुसऱ्या हाताने एकामागून एक भोसकणे, हे त्याचे खरे आणि ओंगळ रूप.

या दोन चित्रांच्या मधोमध कोठेतरी ऐकिडोचा वर्ग भरतो. तेथे लाकडी सुरी हातात घेऊन एक विद्यार्थी पुढे येतो, दुसरा बाजूला सरकतो, वळतो आणि हल्लेखोराला अलगद जमिनीवर झोपवतो. पाहणाऱ्याला हे सारे नृत्यासारखे सुंदर वाटते. नेमक्या याच सौंदर्यामुळे मनात एक प्रश्नही उभा राहतो. खरे पाते समोर आले, तर यातले काय उपयोगी पडेल? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. आत्मसंरक्षणाच्या वर्गाला आपण मुलामुलींना विश्वासाने पाठवतो. तेथे मिळणारे उत्तर चुकले, तर त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागते.

मेळ साधण्याचा मार्ग

'ऐकिडो' या शब्दात तीन जपानी अक्षरे आहेत. 'ऐ' म्हणजे जुळणे, मेळ बसणे. 'कि' म्हणजे प्राणशक्ती, आणि 'डो' म्हणजे मार्ग. समोरून येणाऱ्या शक्तीशी मेळ साधण्याचा मार्ग, असा त्याचा ढोबळ अर्थ करता येईल. मराठी कानाला या नावाच्या आरंभी 'ऐक' असा शब्द ऐकू येतो. हा निव्वळ योगायोग असला, तरी तो अगदीच निरर्थक नाही. कारण समोरच्याचे बळ कोणत्या दिशेने येत आहे, ते आधी 'ऐकणे' आणि मग हालचाल करणे, हाच या कलेचा गाभा आहे.

या कलेचे जनक मोरिहेई उएशिबा यांचा जन्म १८८३ मध्ये जपानमधील तानाबे या गावी झाला. १९१२ मध्ये ते काही कुटुंबांना घेऊन होक्काइडो या उत्तरेकडील बेटावर वसाहत करण्यासाठी गेले. तेथे १९१५ मध्ये त्यांची भेट सोकाकु ताकेदा या कडक शिस्तीच्या गुरूशी झाली. ताकेदा यांच्याकडे 'दाइतो-र्यू' नावाच्या जुजुत्सु परंपरेचे ज्ञान होते. सांधे पिळणे, तोल मोडणे, जमिनीवर जखडून ठेवणे अशा त्या विद्येचा ऐकिडोच्या तंत्रावर सर्वात मोठा प्रभाव आहे. पुढे उएशिबा हे 'ओमोतो' या धर्मपंथाचे नेते ओनिसाबुरो देगुची यांच्या सहवासात आले. तंत्र ताकेदांकडून आणि दृष्टी ओमोतो पंथाकडून, असे या घडणीचे थोडक्यात वर्णन करता येईल.

उएशिबा यांनी १९३१ मध्ये टोकियोत 'कोबुकान' ही प्रशिक्षणशाळा उभारली. तेथील सराव इतका कठोर असे, की शाळेला 'नरकशाळा' असेच टोपणनाव पडले होते. त्या काळात उएशिबा लष्कराच्या आणि नौदलाच्या शिक्षणसंस्थांतही शिकवीत. १९४२ मध्ये 'ऐकिडो' हे नाव अधिकृतपणे रूढ झाले आणि त्याच सुमारास ते टोकियो सोडून इवामा या खेड्यात शेती व साधना करण्यासाठी गेले. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर व्यापलेल्या जपानमध्ये युद्धकलांवर निर्बंध आले. त्यानंतर ऐकिडो पुन्हा लोकांसमोर आले ते शांततेचा आणि आत्मविकासाचा मार्ग म्हणून. उएशिबा १९६९ मध्ये निवर्तले. तोपर्यंत त्यांचे शिष्य अमेरिका आणि युरोपात पोहोचलेले होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की ऐकिडोच्या स्वभावातले द्वैत त्यातच आहे. त्याचे मूळ रणांगणाजवळचे, पण त्याचा आजचा उच्चार अहिंसेजवळचा. सुरीचा सराव करताना या दोन्ही गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात.

आधी पडायला शिका

ऐकिडोच्या वर्गाला 'दोजो' म्हणतात. वर्ग गुडघ्यांवर बसून, वाकून नमस्कार करून सुरू होतो. सराव नेहमी जोडीने चालतो. हल्ला करणारा आणि नंतर पडणारा तो 'उके'. तंत्र करणारा तो 'तोरी' किंवा 'नागे'. साधारणतः चार वेळा एकाने तंत्र करायचे, मग भूमिका बदलायच्या. म्हणजे प्रत्येक विद्यार्थी निम्मा वेळ हल्लेखोर असतो आणि निम्मा वेळ तो जमिनीवर पडत असतो.

नवागताला सर्वात आधी शिकवले जाते ते पडणे. त्याला 'उकेमी' असे नाव आहे. हनुवटी छातीशी, पाठ गोल, डोके जमिनीला लागू न देता पुढे किंवा मागे लोळण घ्यायची. वरवर पाहता हा गौण भाग वाटतो. पण विचार केला तर सामान्य नागरिकाला आयुष्यात सुरीहल्ल्याशी गाठ पडण्यापेक्षा ओल्या फरशीवर पाय घसरण्याचा प्रसंग कितीतरी अधिक वेळा येतो. ऐकिडोने दिलेले सर्वात उपयोगी कौशल्य कोणते, असे विचारले तर अनेक जुने अभ्यासक 'पडता येणे' असेच उत्तर देतील.

उकेमी नीट न शिकवता तंत्रे शिकवण्याचे परिणाम गंभीर असतात. 'शिहो-नागे' नावाचे एक फेकीचे तंत्र आहे. त्यात हल्लेखोराचा हात त्याच्याच खांद्यामागे दुमडून त्याला पाठीवर पाडले जाते. जपानमधील विद्यापीठीय क्लबांत या तंत्रात डोके मागे आपटून नवशिक्या विद्यार्थ्यांना जीवघेण्या दुखापती झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. 'सौम्य' म्हणविल्या जाणाऱ्या कलेतही शिक्षकाची बेपर्वाई घातक ठरू शकते, हे त्यातून लक्षात यावे.

पडण्यानंतर क्रम येतो हालचालींचा. हल्ल्याच्या रेषेवरून बाजूला होत समोरच्याच्या कुशीत शिरणे म्हणजे 'इरिमी'. त्याच्या बाजूला राहून स्वतःभोवती वळणे म्हणजे 'तेनकान'. दोघांमधले अंतर म्हणजे 'माआई'. आणि तंत्र संपल्यानंतरही टिकून राहणारी सावधता म्हणजे 'झानशिन'. या चार शब्दांत ऐकिडोचे बहुतेक सर्व व्याकरण सामावले आहे. मनगट पिळणे, कोपर दाबणे ही त्यावरची वाक्यरचना म्हणता येईल.

मनगट का धरतात?

ऐकिडोचा वर्ग पाहणाऱ्याला एक शंका हमखास येते. रस्त्यावरचा गुंड काय मनगट धरायला येतो? मग येथे अर्धा वेळ एकमेकांची मनगटे धरण्यात का जातो? याचे उत्तर तलवारीच्या काळात आहे. ज्याच्या कमरेला तलवार आहे, त्याचा उजवा हात मुठीकडे जाऊ न देणे हा जिवावरचा प्रश्न असे. म्हणून मनगट धरले जाई, आणि धरलेला हात सोडवून घेणे ही विद्या ठरली. हाताच्या कडेने डोक्यावर सरळ किंवा कानशिलाच्या दिशेने तिरका मारायचा वार, म्हणजे 'शोमेन-उची' आणि 'योकोमेन-उची', हेही तलवारीचीच आठवण सांगतात. जपानमध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास १८७६ च्या फर्मानाने बंदी आली. पण शरीराच्या हालचालींत ती तलवार अजून जिवंत आहे. म्हणूनच बहुतेक दोजोंमध्ये लाकडी तलवार, सुमारे १२८ सेंटिमीटर लांबीची काठी आणि लाकडी सुरी ही तिन्ही साधने भिंतीवर टांगलेली दिसतात.

सुरीचे धडे

सुरीविरुद्धच्या सरावाला 'तान्तो-दोरी' म्हणतात. 'तान्तो' म्हणजे आखूड पाते, आणि 'दोरी' म्हणजे ते काढून घेणे. सरावातली सुरी लाकडाची, साधारण ३० सेंटिमीटर लांब असते. अनेक संस्थांत हा भाग ब्लॅक बेल्टच्या पातळीवरील परीक्षांत येतो. त्याआधीची काही वर्षे विद्यार्थ्याने तीच तंत्रे रिकाम्या हाताशी केलेली असतात.

हल्ले मुख्यतः तीन प्रकारचे शिकवतात : पोटात किंवा छातीत सरळ भोसकणे, मानेच्या बाजूने तिरका वार आणि वरून खाली येणारा वार. सरळ भोसकण्याविरुद्ध सर्वाधिक शिकवले जाणारे तंत्र 'कोते-गाएशी' हे होय. तोरी हल्ल्याच्या रेषेतून बाहेरच्या बाजूला सरकतो. त्याचा एक हात हल्लेखोराच्या मनगटावर वरून उतरतो. मग तो वळतो, आणि वळण्याच्या ओघात दुसऱ्या हाताने सुरी धरलेली मूठ बाहेरच्या बाजूस दुमडतो. हल्लेखोर पडला, की त्याला पालथा करून हात जखडायचा आणि मगच सुरी काढून घ्यायची. दुसऱ्या एका तंत्रात भोसकणारा हात काखेजवळ घेऊन कोपर सरळ अवस्थेत दाबले जाते.

तिरक्या आणि वरून येणाऱ्या वारांसाठी 'गोक्यो' हे तंत्र आहे. त्यात मनगट नेहमीपेक्षा उलट्या पकडीने धरतात. अंगठा व बोटे अशी वळवली जातात, की हल्लेखोराने मूठ फिरवली तरी पाते धरणाऱ्याच्या मनगटाच्या आतील भागाला लागू नये. रिकाम्या हाताशी ही पकड अवघडल्यासारखी वाटते. सुरी आली, की तिचा अर्थ लागतो. पूर्वीच्या शिक्षकांनी पाते नेमके कोठे जाईल याचा बारकाईने विचार केला होता, याची ही खूण आहे.

सुरी हातात आली, की नेहमीची तंत्रेही नव्याने तपासावी लागतात. एरवी निर्धोक वाटणाऱ्या शिहो-नागेमध्ये तोरी हल्लेखोराच्या हाताखालून जातो. त्या क्षणी पाते त्याच्या चेहऱ्याजवळून आणि मानेजवळून फिरते. इतर तंत्रांतही सुरीची धार कोणत्या बाजूला आहे, पकड मुठीवर किती जवळ आहे, हल्लेखोराचा दुसरा हात काय करतो आहे, हे प्रश्न उभे राहतात. चांगला शिक्षक विद्यार्थ्याला मध्येच थांबवतो आणि विचारतो : आता पाते कोठे आहे? या एका प्रश्नात तान्तो-दोरीचे निम्मे शिक्षण आहे.

सराव संपल्यावर काढून घेतलेली लाकडी सुरी मूठ समोरच्याकडे करून अदबीने परत दिली जाते. सुरी लाकडाची असली तरी तिला खरी समजून वागायचे, हा त्यामागचा संस्कार आहे. सरावात कोणी लाकडी पाते पकडून ती हिसकावू लागला, तर शिक्षक त्याला तत्काळ टोकतो. खऱ्या सुरीशी असे केले असते तर बोटे गेली असती.

सराव आणि सत्य

येथवर सारे तर्कशुद्ध आहे. अडचण पुढे आहे. दोजोतला हल्लेखोर एक पाऊल टाकतो, एकच वार करतो आणि हात पुढे तसाच ठेवतो. शिकण्याच्या पहिल्या टप्प्यावर हे आवश्यकच आहे. पोहायला शिकणाऱ्याला कोणी आधी समुद्रात ढकलत नाही. पण वर्षानुवर्षे उथळ पाण्यातच हातपाय मारणाऱ्याने आपल्याला समुद्र पोहता येतो असे समजू नये.

खरा हल्लेखोर वार करून हात तत्क्षणी मागे घेतो आणि पुन्हा वार करतो. एका सेकंदात असे एकाहून अधिक वार सहज होऊ शकतात. डोळ्यांनी पाहून शरीराने साधी प्रतिक्रिया द्यायलाच माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे पहिल्या वाराचे मनगट धरायला हात पुढे जाईपर्यंत ते मनगट तेथे नसतेच. त्यात भीतीने हात कापत असतात, जागा अरुंद असते, पायात चप्पल असते, आणि समोरचा माणूस कदाचित नशेत असतो. रक्ताने आणि घामाने निसरडे झालेले मनगट धरणे किती कठीण असेल, याची कल्पना कोरड्या मॅटवर येत नाही.

याचा प्रत्यय घेण्याची एक सोपी पद्धत काही शिक्षक वापरतात. पांढरा सदरा घालायचा, 'हल्लेखोरा'च्या हाती सुरीऐवजी लाल शाईचे जाड मार्कर पेन द्यायचे आणि त्याला मनाला येईल तसे वार करू द्यायचे. अर्ध्या मिनिटानंतर सदऱ्याकडे पाहायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला! छाती, पोट, हात, मान, सर्वत्र लाल रेघा दिसतात. अनेक वर्षे सराव केलेल्यांच्या सदऱ्यावरही त्या दिसतात. या प्रयोगाने विद्यार्थ्याचा हिरमोड होतो खरा, पण तो हिरमोड त्याचे रक्षण करतो.

तोमिकींचा प्रयोग

हा पेच ऐकिडोतील विचारवंतांना फार पूर्वीच जाणवला होता. उएशिबा यांचे शिष्य केन्जी तोमिकी हे त्यांतले अग्रणी. तोमिकी हे मुळात ज्युडोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्या परंपरेतले आणि पुढे वासेदा विद्यापीठातले प्राध्यापक. कानो यांनी जुन्या जुजुत्सुमधून ज्युडो घडवताना मुक्त झुंजीला, म्हणजे 'रान्दोरी'ला मध्यवर्ती स्थान दिले होते. सहकार्य करणाऱ्या जोडीदाराबरोबर केलेला सराव आणि विरोध करणाऱ्याबरोबर केलेली झुंज, या दोन्हींच्या मेळातूनच विद्या तपासली जाते, असे तोमिकींचे मत होते. ऐकिडोतही त्यांनी झुंज आणली आणि तिच्यासाठी साधन निवडले ते सुरीचे!

या प्रकारात एका स्पर्धकाच्या हाती मऊ, न लागणारी सुरी असते. त्याने समोरच्याच्या धडावर स्वच्छ वार करून गुण मिळवायचे. दुसऱ्याने वार चुकवायचे आणि ऐकिडोची तंत्रे करून गुण मिळवायचे. निम्मी वेळ संपली, की सुरी दुसऱ्याच्या हाती जाते. अशा झुंजीत पाठ्यपुस्तकातील ऐटबाज फेकी क्वचितच दिसतात. दिसते ते सतत अंतर राखणे, अंग चोरणे, आणि संधी मिळताच झटकन शिरून हात दाबणे. पाहायला हे तितकेसे देखणे नसते, पण माणसाला आपली मर्यादा त्यातून कळते.

मुख्य परंपरेने मात्र हा मार्ग स्वीकारला नाही. ऐकिडोत स्पर्धा नसावी, कारण स्पर्धा आली की जिंकण्याची हाव आली, असे खुद्द उएशिबा यांचे मत होते. हा मतभेद आजही मिटलेला नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. स्पर्धा नियमांना शरण जाते आणि सुरीचा हल्ला कोणताही नियम मानत नाही. दुसरीकडे, कधीच न तपासलेले तंत्र ही केवळ श्रद्धा राहते. गोझो शिओदा यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या 'योशिनकान' शाळेने तिसरी वाट धरली. तेथे स्पर्धा नाही, पण सराव अतिशय कडक. टोकियोच्या दंगलविरोधी पोलिसांच्या तुकड्यांना तेथे दीर्घ मुदतीचे प्रशिक्षण दिले जात आले आहे. रॉबर्ट ट्विगर या इंग्रज लेखकाने हा अभ्यासक्रम पूर्ण करून लिहिलेले 'अँग्री व्हाइट पायजमाज' हे १९९७ मधील पुस्तक त्या कष्टांची चांगली कल्पना देते.

अंतर हेच शस्त्र

सुरीच्या धोक्याचा एक प्रसिद्ध हिशेब अमेरिकेतून आला. सॉल्ट लेक सिटीमधील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एका लेखात दाखवून दिले, की सुरी घेतलेला सामान्य माणूस २१ फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर अवघ्या दीड सेकंदात ओलांडतो. कमरेचे पिस्तूल काढून नेम साधायला प्रशिक्षित पोलिसालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. हा काही निसर्गनियम नव्हे; जागा आणि माणूस बदलला की आकडे बदलतात. पण त्यातला बोध स्पष्ट आहे. पिस्तूलधारी पोलिसाला जेथे वेळ अपुरा पडतो, तेथे रिकाम्या हाताने काय होणार?

गंमत अशी, की जपानी परंपरेला हे पूर्वीपासून ठाऊक होते. एदो काळात तलवार उपसलेल्या माणसाला जिवंत पकडायचे असेल, तर शिपाई रिकाम्या हाताने पुढे जात नसत. त्यांच्याजवळ लांब दांड्यांची खास साधने असत. त्यांतले एक म्हणजे 'सासुमाता', लांब काठीच्या टोकाला अर्धवर्तुळाकार चिमटा. माणसाला त्यात अडकवून भिंतीशी किंवा जमिनीशी दाबून धरायचे आणि स्वतः पात्याच्या टप्प्याबाहेर राहायचे. ८ जून २००१ रोजी ओसाकाजवळच्या इकेदा येथे एका प्राथमिक शाळेत शिरलेल्या माणसाने सुरीने ८ मुलांचे प्राण घेतले. त्या भीषण घटनेनंतर जपानमधील शाळांनी सुरक्षेसाठी काय आणले? तर हाच शेकडो वर्षांपूर्वीचा सासुमाता, आता हलक्या धातूचा. शिक्षक तो हाताळण्याचा सराव करतात. युद्धकलांच्या माहेरघरी शिक्षकांना सुरी हिसकावण्याचे धडे देण्याऐवजी त्यांच्या हाती लांब काठी दिली गेली, यातच सर्व काही आले.

बरोबर सात वर्षांनी, ८ जून २००८ रोजी, टोकियोतील अकिहाबारा या गजबजलेल्या भागात एकाने आधी गर्दीत ट्रक घातला आणि मग दुधारी सुरीने लोकांवर वार केले. त्यात ७ जणांचा बळी गेला. त्यानंतर जपानने कायदा बदलून ५.५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या दुधारी सुऱ्या बाळगण्यास बंदी घातली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमधील फिशमाँगर्स हॉल येथे हल्लेखोराने सुऱ्या काढल्या, तेव्हा तेथील नागरिकांनी भिंतीवर शोभेसाठी लावलेला नारव्हाल या सागरी प्राण्याचा लांब सुळा आणि आग विझवण्याचे सिलिंडर उचलून त्याला रोखून धरले. त्या हल्ल्यात दोन तरुण जीव गेले. पण लांब आणि जड वस्तूने मिळवून दिलेल्या अंतरामुळे पुढचा अनर्थ टळला. खुर्ची, छत्री, पाठीवरची सॅक, दुकानाचे स्टूल, जे हाताशी असेल ते आपल्या आणि पात्याच्या मध्ये आणणे, हे कोणत्याही मनगट पिळण्याआधी येते.

शिक्षकाची जबाबदारी

मग प्रामाणिक शिक्षकाने तान्तो-दोरी शिकवूच नये का? तसे नाही. पण ती कशासाठी शिकवतो आहोत, हे त्याने स्वतःला आणि विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. तान्तो-दोरीचा पहिला उपयोग शिक्षणाचा आहे. रिकाम्या हाताशी सराव करताना आळसावलेले शरीर लाकडी सुरी दिसताच जागे होते. रेषेवरून हलण्यात झालेली दोन इंचांची कुचराई सुरी लगेच दाखवून देते. दुसरा उपयोग मनाचा. धाक वाटणाऱ्या वस्तूसमोर श्वास रोखून न धरता हालचाल करण्याची सवय लागते. रस्त्यावरच्या सुरीहल्ल्याची हमी देणे, हा तिचा उपयोग नव्हे.

अशा वर्गाची निवड करताना पालकांनी काही गोष्टी पाहाव्यात. शिक्षक 'पळून जा' हे पहिले तंत्र म्हणून सांगतो का? पैसे किंवा मोबाइल मागणाऱ्याला ते देऊन टाकावेत, असे तो म्हणतो का? शिर सलामत तो पगडी पचास, ही म्हण येथे शब्दशः खरी आहे. जोडीदाराला पुरेसे बळ लावून विरोध करण्याची मुभा वर्गात कधीतरी मिळते का? पडण्याच्या शिक्षणाला पुरेसा वेळ दिला जातो का? आणि जखम झालीच, तर काय करायचे याचा उल्लेख होतो का? वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, दाब सोडू नये, शरीरात रुतलेले पाते उपसून काढू नये, आणि ताबडतोब ११२ किंवा १०८ वर फोन करावा, एवढी माहिती दहा मिनिटांत देता येते. कोणत्याही नजाकतदार फेकीपेक्षा ती एखाद्याचा जीव वाचवण्याची शक्यता अधिक आहे. याउलट एका रविवारच्या शिबिरात 'चाकू हिसकावायला शिका' असे आश्वासन देणारा माणूस, त्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी समाजाचे नुकसानच करतो. दोन तासांत मिळालेला आत्मविश्वास मुलाला पळण्याऐवजी थांबायला लावतो, आणि धोका तेथेच आहे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पूर्वीच्या दंडविधानाप्रमाणेच, स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. कलम ३४ ते ४४ मध्ये त्याचे विवेचन आहे. मात्र बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही. सुरी हातातून पडलेल्या आणि जमिनीवर जखडलेल्या माणसाला नंतर मारत राहणे, हे स्वसंरक्षण ठरत नाही.

मग उपयोग काय?

येथे ऐकिडोचे वेगळेपण पुन्हा समोर येते. बहुतेक युद्धकला 'मी कसा वाचेन' एवढाच प्रश्न विचारतात. ऐकिडो त्यापुढे जाऊन 'हल्ला करणाऱ्याचे काय' असे विचारते. त्याला जखडायचे, पण हाड मोडायचे नाही. त्याला पाडायचे, पण त्याच्या डोक्याची काळजी घ्यायची. 'बळी तो कान पिळी' हा ज्या जगाचा न्याय आहे, तेथे हा विचार भाबडा वाटेल. पोटाशी सुरी आलेली असताना समोरच्याच्या हाडांची काळजी कोण करतो, असे कोणी म्हणेल, आणि ते चूकही नाही. पण मनोरुग्णालयातील परिचारक, रेल्वेतील सुरक्षा कर्मचारी, दारू पिऊन हात उगारणाऱ्या भावाला आवरू पाहणारी माणसे, यांना समोरच्याला इजा न करता आवरण्याची गरज रोज पडते. अशा प्रसंगी मारण्याचे कौशल्य निरुपयोगी असते आणि आवरण्याचे कौशल्य मोलाचे ठरते.

शिवाय बहुसंख्य अभ्यासकांसाठी ऐकिडो हे रस्त्यावरच्या लढाईचे साधन नाहीच. साठीतली माणसे त्यात लोळण घेऊन उठू शकतात. वयाने, वजनाने, बळाने वेगळी असलेली माणसे एकमेकांचे मनगट विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देतात. आपले शरीर तात्पुरते दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे आणि त्याने ते सांभाळून परत द्यायचे, असा तो अलिखित करार असतो. घाईच्या आणि अविश्वासाच्या शहरी जीवनात अशा एका तासाचे मोल कमी नाही. तेवढ्यासाठी कोणी ऐकिडो शिकत असेल, तर त्याला सुरीचे खोटे आश्वासन देण्याची काहीच आवश्यकता नाही.

तान्तो-दोरीचा दीर्घकाळ सराव केलेला अभ्यासक सुरीला घाबरणे सोडत नाही. उलट अधिक सुजाणपणे घाबरतो. अंतर कमी होत असल्याचे त्याला लवकर दिसते, समोरच्याचा लपलेला हात त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि दार कोठे आहे हे त्याने आधीच पाहून ठेवलेले असते. सुरी बाहेर निघण्यापूर्वीच तेथून दूर गेलेला माणूस कोणाच्या नजरेत भरत नाही, त्याचे कौतुकही होत नाही. पण समोरच्या शक्तीची दिशा ओळखून तिच्या रेषेतून दूर होणे, हेच तर ऐकिडो पहिल्या दिवसापासून शिकवीत असते.